पासबुकातले कोरे महिने हाच पुरावा धरावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवीन कामगार घेणाऱ्या मालकांना सरकार जी प्रोत्साहन रक्कम देते, तिच्याविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून मजकूर येतो, पण तो बहुधा किती कोटी आणि किती रोजगार एवढ्यापुरताच असतो. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या लहान कारखान्यांची पगारपत्रके आणि पीएफची चलाने मी तीस वर्षे भरत आलो आहे, त्यामुळे माझी नजर रकमेच्या आधी पात्रतेच्या रकान्याकडे जाते. हे पत्र त्या रकान्याविषयीच आहे.

१ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेचे दोन भाग आहेत. पहिला भाग कामगारासाठी आहे. त्या तारखेपूर्वी जो कधीही भविष्य निर्वाह निधीचा सभासद नव्हता आणि ज्याचा पगार महिना एक लाखाच्या आत आहे, त्याला एका महिन्याच्या पगाराइतकी, मात्र जास्तीत जास्त १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते. दुसरा भाग मालकासाठी आहे. वाढवलेल्या प्रत्येक माणसामागे त्याला पगाराप्रमाणे महिना ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षे मिळतात, उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना चार वर्षे. त्यासाठी पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्याने किमान दोन आणि त्याहून मोठ्याने किमान पाच माणसे वाढवून सहा महिने टिकवायची असतात. मालकाच्या भागात ‘पहिलीच नोकरी’ ही अट नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु बारा हजार पगारावर बावीस वर्षांचा मुलगा घेतला काय किंवा बावन्न वर्षांचा माणूस घेतला काय, मालकाला दोघांमागे सारखेच दोन हजार मिळतात. मग तो कोणाला घेईल, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

आता ‘पहिलीच नोकरी’ या अटीकडे वळतो. गेल्या दिवाळीनंतर एका पॅकिंगच्या कारखान्यात नवीन माणसांचे कागद घेत असताना नंदानगरमधले एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर बसले होते. वय एक्कावन्न. त्यांचा यूएएन, म्हणजे पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक, मी टाकला तेव्हा पीएफच्या पासबुकात एकूण दोनच नोंदी दिसल्या, २०१७ मधल्या लागोपाठच्या दोन महिन्यांच्या, एका ठेकेदाराने भरलेल्या. त्यानंतर आठ वर्षे पान कोरे. त्या दोन नोंदींमुळे ते ‘जुने सभासद’ ठरले आणि पहिल्या भागातून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर आलेला भाचा दुसऱ्या एका ठेकेदाराकडे दीड वर्ष राबला होता. पगारातून पीएफ कापला जाई, पण भरला मात्र कधीच गेला नव्हता, खातेच उघडलेले नव्हते. तो ‘पहिल्यांदाच’ नोकरीला लागलेला ठरला. ज्याच्या ठेकेदाराने पैसे खाल्ले तो पात्र आणि ज्याच्या ठेकेदाराने इमानाने दोन महिने भरले तो अपात्र! गृहस्थांनी मला एवढेच विचारले की, “साहेब, त्या दोन नोंदी खोडता येत नाहीत का?”

इंदूरमध्ये तरी हा प्रश्न परका वाटू नये. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीच्या २२४ कोटींचा धनादेश निघायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. मी नोकरीला लागलो तेव्हा मिलमध्ये माग चालवलेली माणसे सांवेर रोडच्या फाटकांवर काम मागायला येत असत. कौशल्य त्यांच्या हातात होते, फक्त वय पंचेचाळीसच्या पुढे गेलेले असे. बऱ्याच जणांनी शेवटी चौकीदारी पत्करली नाहीतर भाजीची गाडी लावली. वय वाढलेल्या आणि काम सुटलेल्या माणसाला घेण्यासाठी मालकाला वेगळे काही देण्याची तरतूद तेव्हा नव्हती आणि चौतीस वर्षांनंतरही ती नाही.

मधल्या काळात योजना आल्या नाहीत असे नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत पंधरा हजारांपर्यंत पगार असलेल्या नव्या कामगाराचा आधी पेन्शनचा ८.३३ टक्के आणि एप्रिल २०१८ पासून मालकाचा पूर्ण १२ टक्के वाटा सरकार भरत असे. तिथेही परीक्षा नवेपणाचीच होती. अपवाद ठरली ती ऑक्टोबर २०२० ची आत्मनिर्भर भारत रोजगार योजना. तिच्यात नव्यांबरोबर एक दुसरा वर्गही घेतला होता: १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२० या सात महिन्यांत ज्यांची नोकरी सुटली आणि ३० सप्टेंबरपर्यंत पुन्हा लागली नाही असे, पंधरा हजारांच्या आत पगाराचे जुने सभासद. त्यांच्यासाठी ना तहसीलचा दाखला मागितला गेला, ना प्रतिज्ञापत्र. नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या नोंदीत होती, तीच प्रमाण मानली गेली. म्हणजे जे मी पुढे सुचवणार आहे ते एकदा करून झालेले आहे.

बाहेरच्या देशांत ही वर्गवारी कशी करतात तेही पाहण्याजोगे आहे. युरोपीय संघाच्या सरकारी मदतीविषयीच्या २०१४ च्या नियमावलीत ‘वंचित कामगार’ म्हणजे कोण, याची व्याख्याच दिलेली आहे. सहा महिने नियमित पगाराची नोकरी नसलेला, पन्नाशी उलटलेला किंवा एकट्याने मुलाबाळांचा भार वाहणारा, अशांना घेणाऱ्या मालकाला सदस्य देशाने वर्षभर पगाराच्या निम्म्यापर्यंत मदत केली तर त्यासाठी संघाची आगाऊ परवानगी लागत नाही. अपंग कामगाराच्या बाबतीत ही मर्यादा ७५ टक्के आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये आलेल्या आणि २०२५ अखेरपर्यंत मुदत असलेल्या करसवलतीत २७ आठवडे बेकार राहिलेले आणि तुरुंगातून सुटून वर्ष न झालेले हे वेगळे वर्ग होते. कामाला लावल्यापासून २८ दिवसांत मालकाने राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज करायचा आणि माणसाने किमान १२० तास काम केलेले असायचे. पूर्ण दराने सवलत हवी तर ४०० तास. आपण त्यांचे सगळे उचलावे असे मी म्हणत नाही. ‘मी कैदी होतो’ असा कागद आपल्याकडे कोण स्वतःहून मालकापुढे ठेवील? ठेवला तर नोकरी मिळण्याऐवजी जाईल. ज्या दाखल्याने माणसाची मान खाली जाते, त्या दाखल्यावर पात्रता उभी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपंगांसाठी आपल्याकडे वेगळी योजना २००८ पासून आहे. महिना पंचवीस हजारांपर्यंत पगाराच्या अपंग कर्मचाऱ्याचा पीएफ आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) मालकाचा वाटा तीन वर्षे सरकारने भरायचा, अशी ती सुरू झाली. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याचे कलम ३५ तर सांगते की, खासगी मालकांच्या मनुष्यबळात किमान पाच टक्के अपंग असावेत यासाठी सरकारने प्रोत्साहन द्यावे. मी ज्यांची चलाने भरली त्यांपैकी एकाही मालकाने हा लाभ घेतला नाही, बहुतेकांना तो ठाऊकही नव्हता. वेगळी खिडकी, वेगळा अर्ज, वेगळा पाठपुरावा असला की लहान कारखानदार तिकडे फिरकत नाही, हा माझा अनुभव.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, चालू योजनेतच, त्याच पोर्टलवर, पीएफच्या नोंदीत सलग बारा महिने किंवा अधिक काळ एकही जमा नसलेल्या जुन्या सभासदाचा वेगळा वर्ग करावा आणि त्याला घेणाऱ्या मालकाला नेहमीच्या रकमेपेक्षा जास्त रक्कम द्यावी. वय पन्नासच्या वर असेल तर आणखी थोडी. वय आधारशी जोडलेले आहे, खंड पासबुकात दिसतो. कामगाराला कुठेही जावे लागणार नाही. बाळंतपणानंतर चार-पाच वर्षे घरी राहून पुन्हा शिलाईच्या मशीनवर बसू पाहणारी बाई या एकाच खुणेत आपोआप येते, आजारपणामुळे घरी बसलेला येतो आणि ज्याला आपला भूतकाळ सांगायचा नाही तोही न सांगता येतो.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच दिसतो. पासबुकात खंड आहे म्हणजे माणूस बेकार होता असे नव्हे. वीसपेक्षा कमी माणसांच्या जागी पीएफ कायदा सहसा लागू होत नाही, तिथे तो रोखीवर काम करत असेल. असेलही. पण असा माणूस पीएफच्या कक्षेत परत येत असेल तर तेही योजनेच्या हेतूत बसणारेच आहे. दुसरी भीती खरी आहे. मालक आपल्याच माणसाला वर्षभर हजेरीपटाबाहेर ठेवील आणि मग ‘नवीन वर्ग’ म्हणून दाखवील. त्यावर उपाय म्हणजे खंडापूर्वीचा शेवटचा मालक आणि आताचा मालक एकच असेल, किंवा दोन्ही आस्थापनांचा पॅन एकाच कुटुंबातला असेल, तर वाढीव रक्कम नाकारावी. पॅन पोर्टलवर आधीपासून आहेच.

पहिल्या भागातली अटही थोडी सैल करावी. आयुष्यात एकूण सहा महिन्यांहून कमी जमा असलेल्याला ‘पहिल्यांदाच’ मानले, तर नंदानगरच्या त्या गृहस्थांसारख्यांना नोंदी खोडण्याविषयी विचारावे लागणार नाही. ३१ जुलै २०२७ पर्यंत लागणाऱ्या नोकऱ्या या योजनेत धरल्या जाणार आहेत, त्यामुळे दुरुस्तीला अजून अवधी आहे. आपल्या दैनिकाने हा मुद्दा शहरातल्या उद्योजक संघटनांपुढे आणि कामगार संघटनांपुढेही मांडावा, अशी विनंती करतो.

कळावे,
आपला,
एक हिशेबनीस वाचक
रामबाग, इंदूर