कंबर मोजलीत, पुढे काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, तरी वेळ काढून हे वाचावं ही विनंती. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर चालक आहे, वय 44. बावीस वर्षं स्टिअरिंगमागे गेली.

आठ महिन्यांपूर्वी आमच्या तालुक्याला सरकारी तपासणी शिबिर झालं. आशाताईंनी टेप लावली, कंबर भरली 106 सेंटिमीटर. तुमच्याच फॉर्मवर पुरुषाची कंबर 90 च्या आत हवी, आणि 100 च्या वर गेली की धोक्याचे दोन गुण. माझे दोन गुण लागले. ज्यांची कंबर जास्त त्यांना पंधरा दिवसांत मोठ्या दवाखान्यात बोलावू, असं माइकवरून सांगितलं. कुणी बोलावलं नाही. कार्डावर 'पुढील तपासणी'समोरची जागा अजून कोरी आहे.

शेवटी गेल्या मंगळवारी मीच गेलो. कारण दोन वर्षं झाली, नवरा-बायको म्हणून आमचं जे होतं ते बंद पडलंय. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. केसपेपरच्या खिडकीत विचारलं, "काय होतंय?" मी हळूच सांगितलं. "मोठ्यानं बोला." परत सांगितलं. आतल्या माणसानं तेच शब्द शेजारच्याला ओरडून सांगितले आणि मागची रांग हसली. त्या रांगेत माझ्या मुलाच्या वर्गशिक्षिका होत्या.

आत डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "मुलं किती?" म्हटलं दोन. "मग आता कशाला हवंय?" शुगर नाही, बीपी नाही, टेप नाही. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

कशाला हवंय? साहेब, माझी बायको दोन वर्षं समजते की माझं बाहेर काहीतरी आहे. आम्ही एका खोलीत झोपतो आणि बोलत नाही. मी मुद्दाम जास्तीच्या रात्रपाळ्या मागून घेतो. हे कुठल्या केसपेपरवर लिहायचं?

दुसऱ्या दिवशी सहाशे रुपये फी भरून खाजगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पॅडच्या मागच्या बाजूला दोन गोल काढले. मोठा गोल हृदयाची रक्तवाहिनी, तीन-चार मिलिमीटरची. छोटा गोल तिथली, एक-दोन मिलिमीटरची. पोटाच्या आतली चरबी दोन्ही खराब करते, पण बारीक नळी आधी तुंबते. छातीचं दुखणं पुष्कळदा त्यानंतर दोन-चार वर्षांनी उभं राहतं. शिवाय तीच चरबी पुरुषाच्या हार्मोनचं बाईच्या हार्मोनमध्ये रूपांतर करते. माझी तीन महिन्यांची साखर निघाली 9.1. म्हणजे मंगळवारी माझं नीट ऐकलं असतं तर मधुमेह तिथंच सापडला असता. इटलीत असे 110 लठ्ठ पुरुष घेतले होते, त्यातल्या ज्यांना आहार आणि व्यायाम नीट शिकवला त्यांच्यापैकी जवळजवळ तिसरा हिस्सा दोन वर्षांत बरा झाला, हेही त्यांनीच सांगितलं. मला एवढं सांगायला सरकारी दवाखान्यात कुणाकडे दहा मिनिटं नव्हती.

आणि मी एकटा नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्याच पाहणीत देशातल्या शंभर प्रौढांतले जवळजवळ चाळीस पोटाचे लठ्ठ निघाले. 2023 साली तुमच्या खात्यानं 18 वर्षांवरच्या पुरुषांच्या तपासणीची मोहीम काढली होती. तुमच्या फॉर्मवर बायकांना विचारतात की संबंधानंतर रक्त जातं का. विचारायलाच हवं. पुरुषाला त्या बाबतीत एक ओळ का नाही?

तुम्ही विचारत नाही म्हणून भिंती विचारतात. स्टँडच्या मुतारीत, लोकलच्या डब्यात, 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'. मी असल्या इलाजवाल्याच्या तंबूत चौदा हजार घालवलेत. ढाब्यावर चिठ्ठीशिवाय निळी गोळी, म्हणजे व्हायग्राही मिळाली. छातीदुखीची सॉर्बिट्रेट घेणाऱ्यानं ती घेतली तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो, हे देणाऱ्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. अशा जाहिराती बंद करणारा कायदा 1954 चा आहे. लैंगिक ताकद, लठ्ठपणा, मधुमेह, तिन्ही त्यात आहेत. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मग आमच्या स्टँडवरची ती पाटी मी लहान असल्यापासून तिथंच कशी? हेल्मेट नसलं तर आम्हाला चौकात अडवता. त्या पाटीवर तर फोन नंबर लिहिलेला आहे, तो माणूस सापडत नाही?

खिडकीत आजार ओरडून सांगायला लावू नका. आठवड्यातून एक दुपार बंद दाराआड डॉक्टर बसवा. कंबर मोजली की साखर तिथंच तपासा आणि हा प्रश्न विचारा. यातल्या कशालाच नवी इमारत लागत नाही.

काल रात्री मी बायकोला तो दोन गोलांचा कागद दाखवला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, मंगळवारी मीपण येते. ती रांगेत माझ्याशेजारी उभी असेल तेव्हा त्या खिडकीतून आवाज चढू नये, एवढं मंगळवारपर्यंत होईल का?

आपला,
रात्रीच्या गाडीचा एक चालक