खुब्याचे हाड, एक्सोसोम आणि हातातून जाणारा वेळ

संपादक महोदय,

खुब्यातील मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरू लागते, त्या आजाराला डॉक्टर ‘एव्हीएन’ म्हणतात. तो बहुधा तिशी ते पन्नाशीतल्या माणसाला गाठतो. खुबा निकामी झाल्यावर बसवावा लागणारा कृत्रिम सांधा कधी तरी झिजणार हे ठाऊक असलेल्या अशा रुग्णाला ‘एक्सोसोमने हाड पुन्हा जिवंत होते’ ही जाहिरात चटकन पटते, म्हणून हे पत्र.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या सूक्ष्म पिशव्या. १९८० च्या दशकात मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींत त्या आढळल्या, तेव्हा पेशीने टाकलेला कचरा एवढीच त्यांची किंमत केली गेली. त्यांतील प्रथिने आणि मायक्रोआरएनए (जनुकांचे काम कमी-जास्त करणारे छोटे रेणू) दुसऱ्या पेशीपर्यंत निरोप पोहोचवतात, हे पुढे उमगले. स्टेरॉइड देऊन खुबा बिघडवलेल्या उंदरांत मूलपेशींच्या (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशींच्या) एक्सोसोममुळे नव्या रक्तवाहिन्या आणि नवे हाड तयार होण्यास मदत झाल्याचे प्रयोग आहेत, आणि मला ते मनापासून आशादायक वाटतात. परंतु मात्रा किती, एक्सोसोम कोणत्या पेशींचे घ्यायचे, ते शुद्ध कसे करायचे, यांवर अजून एकमत नाही. शिरेतून दिलेले बरेचसे एक्सोसोम तर यकृत आणि प्लीहेतच अडकतात. रुग्णांना गंभीर अपाय झाल्याचे कळल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये, आपण मान्यता दिलेले एकही एक्सोसोम उत्पादन नाही, असा जाहीर इशारा दिला होता.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. गोळा एकदा खचला की त्याचा मूळ गोल आकार कोणतेही इंजेक्शन परत आणू शकत नाही. हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रियासुद्धा त्याआधीच उपयोगी पडते. माझ्या धाकट्या भावाची जांघ काही महिने दुखत होती, पण क्ष-किरण चित्र स्वच्छ आल्याने त्याला केवळ वेदनाशामके मिळत राहिली. एमआरआय झाला तोवर गोळा खचलेला होता. त्यानंतरही त्याला एक्सोसोम सुचवणारे भेटलेच.

दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या किंवा अतिमद्यपान करणाऱ्या व्यक्तीची जांघ दुखू लागल्यास क्ष-किरण चित्रावर न थांबता दोन्ही खुब्यांचा एमआरआय करण्याचा विचार डॉक्टरांनी लवकर करावा. आपल्या दैनिकालाही विनंती आहे की, अशा उपचाराची बातमी देताना प्रयोग प्राण्यांवर झाला की माणसांवर आणि आजार तेव्हा कोणत्या टप्प्यात होता, हे पहिल्याच परिच्छेदात छापावे.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ