दिल्यास पत्र : रोखीचं दुकान आणि उधारीची वही

सॉल्ट लेक सिटी,
२ नोव्हेंबर

प्रिय दिल्या,

तुझं पत्र मिळालं. निम्मं पत्र तू मोबाइलवरून सामान मागवणाऱ्या गिऱ्हाइकांना शिव्या घालण्यात घालवलंस, आणि शेवटी एका ओळीत विचारलंस, ‘तुमच्या अमेरिकेत तरी गावातला दुकानदार सुखानं जगला का रे?’ या ओळीचं उत्तर दोन ओळींत देता येणार नाही, म्हणून आज रविवारी निवांत बसलोय. चहा घे आणि वाच.

१९०० च्या आसपासचं इथलं गाव डोळ्यांसमोर आण. आयोवा म्हण, कॅन्सस म्हण, कुठलंही. रेल्वेचं स्टेशन, धान्याची कोठी, चर्च, एक बँक आणि मुख्य रस्त्यावर जनरल स्टोअर. आत शिरलास तर तुला परकं वाटणार नाही. लांबलचक लाकडी गल्ला, त्यामागे छतापर्यंत फळ्या, आणि गिऱ्हाइकानं काय हवं ते सांगायचं, काढून द्यायचं दुकानातल्या माणसानं. साखर, काकवी, व्हिनेगर, बिस्किटं, सगळं पिंपात. मागच्या अंगाला घासलेटची टाकी. गिऱ्हाईक आपला डबा घेऊन यायचं आणि डब्याच्या तोटीचं झाकण हरवलेलं असेल तर दुकानदार तिथे एक बटाटा खोचून द्यायचा. कापड, बूट, खिळे, औषधाच्या बाटल्या, शवपेट्यासुद्धा त्याच छपराखाली. पुष्कळ ठिकाणी पोस्टही तिथेच, म्हणजे कुणाला कुठून पत्र आलं हे दुकानदाराला घरच्यांच्या आधी कळायचं.

भाव मात्र लिहिलेला नसायचा. मालाच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत गुप्त अक्षरांत असायची. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द धरायचा आणि प्रत्येक अक्षराला एक आकडा. आपल्याकडच्या जुन्या कापड दुकानदारांची हीच युक्ती. गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगायचा आणि खाली किती उतरता येईल ते अक्षरांवरून पाहायचं.

आणि उधारी! शेतकऱ्याच्या हातात पैसा येणार पीक निघाल्यावर, तोवर सगळं वहीत मांडून. शेतकऱ्याची बायको आठवड्याला अंडी आणि लोणी घेऊन यायची, ते तिच्या नावावर जमा व्हायचं आणि त्यातून कॉफी, साखर, सुती कापड. यातली एक गंमत तुला आवडेल. कुणाचं लोणी लोण्यासारखं असायचं, कुणाचं खवट, पण दुकानदार सगळ्यांना सारखाच भाव द्यायचा. एखादीला ‘तुझं लोणी वास मारतंय’ म्हटलं की तिचं घर, माहेर आणि चर्चमधल्या मैत्रिणी समोरच्या दुकानात गेल्याच म्हणून समज. वाईट लोण्याचं नुकसान तो गुपचूप सोसायचा आणि ते दुसऱ्या कशावर तरी भरून काढायचा. अर्थात चांगलं लोणी करणारीच्या खिशातून.

तो स्वतःही उधारीवरच. शिकागो, सेंट लुईसचे ठोक व्यापारी त्याला माल उधार देणार. त्यांचे फिरते विक्रेते नमुन्यांच्या ट्रंका घेऊन आगगाडीनं येणार, सिगार देणार, गोष्टी सांगणार आणि जाताना ऑर्डर लिहून नेणार. पाऊस रुसला की सगळी साखळी ताणली जायची आणि सगळ्यात आधी पिचायचा तो मधला, तुझ्या जागचा माणूस. त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे.

पण दिल्या, आपण दुकानदाराच्या बाजूनं विचार करतो कारण आपण लहानपणी गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसून गूळ खाल्लाय. बाहेरच्या बाजूला उभं राहणाऱ्याला त्या वहीचं काय वाटत असेल?

गेल्या उन्हाळ्यात यलोस्टोनला जाताना आम्ही केमररला थांबलो. वायोमिंगच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं कोळशाच्या खाणींचं छोटंसं गाव. खाणगावांत मजुराला कंपनीच्याच दुकानात घ्यावं लागायचं. पगाराआधी उचल हवी तर कंपनी स्वतःची टोकनं द्यायची आणि ती चालायची फक्त तिच्याच दुकानात. म्हणजे कोळसा काढायचा कंपनीसाठी, मजुरी खर्च करायची कंपनीत आणि महिन्याच्या शेवटी देणं राहायचं तेही कंपनीचंच. अशा गावात १४ एप्रिल १९०२ रोजी जेम्स कॅश पेनी या सव्वीस वर्षांच्या माणसानं एका खोलीचं दुकान उघडलं. नावात ‘कॅश’, हे खरंच त्याचं नाव, मी बनवलेलं नाही. स्वतःचे पाचशे डॉलर आणि कर्जाऊ पंधराशे घालून तिसऱ्या हिश्शाचा भागीदार झाला. बायको आणि तान्हं मूल घेऊन दुकानाच्या माळ्यावर राहिला, खोक्यांचं फर्निचर करून. दुकानाचा नियम एकच: रोख पैसे, सगळ्यांना एकच भाव. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं की इथे उधारीशिवाय दुकान चालणार नाही. पहिल्या दिवशी गल्ल्यात ४६६ डॉलर ५९ सेंट जमले.

कोळशानं काळे झालेले हात नोटा काढून द्यायला का तयार झाले असतील? स्वस्त होतं हे तर खरंच. उधारी बुडण्याचा धोका नसला की भाव उतरवता येतो, हे तुला मी काय सांगणार! पण मला वाटतं त्याहून मोठं कारण असं, की पैसे मोजले, माल उचलला आणि दाराबाहेर पडलं की कुणाच्या मिंध्यात नाही. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा असं दुकान दिसलं असेल जिथे त्याच्या नावाचं पान नव्हतं.

पेनीचं घर तिथे जपून ठेवलंय, लहानसं. आमच्या चिरंजीवांना तिथून निघायची घाई, कारण यलोस्टोनला अस्वलं वाट पाहत होती.

खेड्यातल्या शेतकऱ्याला मात्र पेनी भेटायला वेळ लागला. त्याची सुटका पोस्टानं केली. शिकागोत माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या माणसानं १८७२ मध्ये एका कागदावर भावाची यादी छापून शेतकऱ्यांना टपालानं माल विकायला सुरुवात केली होती, आणि पसंत नसेल तर पैसे परत, हेही त्यानंच लवकर सांगितलं. मागून रिचर्ड सिअर्स आला. हा मिनेसोटातल्या एका बारक्या स्टेशनवरचा रेल्वेचा माणूस. १८८६ मध्ये गावातल्या जवाहिऱ्यानं घड्याळांची एक पेटी घ्यायला नकार दिला, ती यानं स्वतः घेऊन विकली आणि त्या घड्याळांतून पुढे सिअर्स-रोबक उभं राहिलं. त्यांचा कॅटलॉग म्हणजे वीटच. शिवणयंत्र, नांगर, कोट, पियानो, चष्मे, १९०८ पासून तर अख्खं घर, लाकडं आणि खिळ्यांसकट आगगाडीच्या डब्यातून. सिअर्सनं आपला कॅटलॉग वॉर्डच्या कॅटलॉगपेक्षा आकारानं मुद्दाम थोडा लहान ठेवला होता म्हणतात, का तर घरात एकावर एक रचताना गृहिणी लहान पुस्तक वर ठेवते. असल्या माणसाशी बिचारा गावचा दुकानदार काय टक्कर देणार?

शिवाय तुम्हाला जमेल त्या भाषेत, जमेल तशा अक्षरात लिहा, आम्ही समजून घेऊ, असं त्या कॅटलॉगमध्ये छापलेलं असे. नॉर्वेहून, जर्मनीहून आलेली, इंग्रजीला बिचकणारी माणसं ज्या गल्ल्यासमोर उभी राहून हातवारे करायची, त्यांना हे वाचून काय वाटलं असेल?

दक्षिणेकडची गोष्ट याहून कडू आहे. तिथल्या काळ्या शेतकऱ्याला, बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कसणाऱ्याला, दुकानदार उभ्या पिकावर उधारी द्यायचा आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. कापूस विकून हिशेब केला की वर्षाअखेर बाकी उरायचीच. ती फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची सोय नाही. वर गोऱ्या गिऱ्हाइकांचं सगळं उरकेपर्यंत ताटकळत उभं राहायचं, आणि दुकानदारानं जे पुढे टाकलं ते घ्यायचं. कॅटलॉगला मात्र कागदावरच्या अक्षरांचा रंग दिसत नव्हता. पण त्यातही मेख होती. पोस्ट दुकानातच, मग मनीऑर्डर करणार कुठे? १८९६ मध्ये खेड्यांत घरोघर टपाल वाटण्याचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ पासून ती कायमची व्यवस्था झाली, तेव्हा ही अडचण सुटली. पत्र आणि पैसे पोस्टमनच्या हातात द्या, बाकीचं तो बघेल, असं कॅटलॉगच समजावून सांगायचा. सिअर्सचा पुढचा मालक ज्यूलियस रोझेनवाल्ड यानं दक्षिणेत काळ्या मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळांना पैसा पुरवला, तेव्हा धंद्यापलीकडेही या माणसांचा त्याला काही विचार होता.

आता दुकानदारांनी काय केलं ते ऐक, म्हणजे तुझ्या व्यापारी संघाच्या बैठकीत सांगता येईल. त्यांनी ‘गावातच खरेदी करा’ची मोहीम काढली. काही गावांत चौकात होळी पेटवून लोकांच्या घरचे कॅटलॉग जाळले, आणि कॅटलॉग आणून देणाऱ्या पोरांना बक्षिसं लावली. सरकारनं पार्सल पोस्ट सुरू करू नये म्हणून वर्षानुवर्षं काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, सदस्यांकडे खेटे घातले. खाजगी पार्सल कंपन्यांचा तर या योजनेला विरोध होताच. तरी १ जानेवारी १९१३ ला ती सुरू झाली. आधी अकरा पौंडांपर्यंत, मग वर्षभरात जवळच्या टापूसाठी पन्नास पौंडांपर्यंत.

लोकांनी त्या पन्नास पौंडांचं काय केलं! १९१४ मध्ये आयडाहोत आईबापांनी पाच वर्षांच्या मुलीच्या कोटावर ५३ सेंटची तिकिटं चिकटवून तिला आजीकडे टपालानं धाडली, कारण आगगाडीचं तिकीट महाग. (टपालाच्या डब्यात नात्यातला माणूस सोबत होता, काळजी करू नकोस.) आणि आमच्या युटातल्या व्हर्नलमध्ये १९१६ ला बँक बांधायची होती. दर्शनी भिंतीच्या चांगल्या विटा सॉल्ट लेक सिटीच्या, व्हर्नलला रेल्वे नाही, घोडागाडीचं भाडं विटांच्या किमतीवर कडी करणारं. मग बँक बांधणाऱ्या पठ्ठ्यानं विटा पन्नास-पन्नास पौंडांच्या पार्सलात बांधून पोस्टात टाकल्या. हजारो विटा! सरळ वाट डोंगरातली, म्हणून पार्सलं कोलोरॅडोला वळसा घालून गेली आणि शेवटचा टप्पा घोड्यांनी ओढला, पोस्टाच्या खर्चानं. अखेर पोस्टानं एका माणसाला एका दिवशी दोनशे पौंडांची मर्यादा घातली. इमारत अजून उभी आहे, बघून आलोय.

बाकीचं भरभर सांगतो. पाच आणि दहा सेंटची वूलवर्थची दुकानं गावोगाव निघाली, माल उघडा मांडलेला, भाव लिहिलेला. युनीडा बिस्किटं १८९८ मध्ये मेणकागदाच्या बंद पुड्यांत आली आणि बिस्किटांचं पिंप हळूहळू गेलं. ए अँड पी कंपनीनं १९१२ पासून उधारी नाही, घरपोच नाही अशी स्वस्त दुकानं काढली. १९१६ मध्ये मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्सनं ‘पिगली विगली’ उघडलं, तिथे गिऱ्हाइकानं स्वतःच टोपली घेऊन फळ्यांवरून माल उचलायचा. आणि फोर्डची गाडी आल्यावर शेतकऱ्याला पुढचं मोठं गाव जवळ झालं. या शेवटच्या गोष्टीनं बारक्या दुकानाचं जितकं नुकसान केलं तितकं कॅटलॉगनंही केलं नसेल, असं माझं मत.

म्हणजे तुझ्या अप्पांचं दुकान वाईट होतं, असं म्हणतोय का मी? छे. दुष्काळात अप्पांनी अर्ध्या गल्लीला जगवलं, आणि कॅटलॉग कुणालाही दुष्काळात ज्वारी देत नाही. इथेही मंदीच्या वर्षांत अनेक गावांना जगवलं ते वहीवाल्या दुकानानंच. पण अप्पांची वही ज्यांच्या घरी माहीत होती, त्यातले काहीजण सणाला मुद्दाम दुसऱ्या पेठेत जाऊन रोखीनं साड्या घ्यायचे. तूच तर मला ते चिडून सांगितलं होतंस. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, आता येत नाही.

अजून एक. रोखीच्या जोरावर देशभर शेकडो दुकानं काढणाऱ्या पेनीच्या कंपनीनं १९५८ मध्ये उधारी सुरू केली, म्हाताऱ्या पेनीच्या मनाविरुद्ध. सिअर्सनं १९८६ मध्ये स्वतःचं क्रेडिट कार्डच देशभर आणलं. आणि ही मंडळीही सुटली नाहीत. वॉर्डनं दुकानं कायमची बंद केली ती २००१ मध्ये, सिअर्स २०१८ मध्ये आणि पेनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेले. इथे कुणाकडे वही उरलेली नाही, पण उधारीची बाकी सगळ्यांच्या नावावर आहे.

दिवाळीत वहीपूजन केलंस का, आणि नवीन वहीत पहिलं नाव कुणाचं मांडलंस, ते कळव. तो फोनवरून पैसे घेण्याचा चौकोन गल्ल्यावर लावलास तेव्हापासून उधारी कमी झाली की वाढली, तेही लिही. मला खरंच जाणून घ्यायचंय, चेष्टा नाही. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना सांग की त्यांच्या शेंगाचटणीचा डबा संपला. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मन्या