वहिनींच्या रिपोर्टबद्दल

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय माधुरी,

पत्र मिळालं. वहिनींच्या स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टात ‘हर-टू ३+’, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन खूप जास्त, असं वाचून तुम्ही सगळे धास्तावलात, आणि त्यात ‘प्रथिन’ म्हटल्यावर तुमच्या शेजारच्या काकूंनी डाळ-दूध बंद करायला सांगितलं! अगं, वहिनींना नीट जेवू दे. ही प्रथिनं ताटातली नव्हेत, पेशी स्वतःच तयार करतात. इतकी वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवून हेच पुन्हा सांगायची वेळ आली, असो.

हर-टू निरोगी स्तनपेशींवरही असतं, पण थोडं. वाढीचा निरोप आत पोचवायचं त्याचं काम. त्याच्या जनुकाच्या एरवी पेशीत दोनच प्रती असतात. काही गाठींत त्या कितीतरी पटींनी वाढतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर हर-टूची दाटी होते. मग ते आपापसातच जोड्या जुळवतात आणि बाहेरून निरोप आलेला नसतानाही ‘विभाजन कर’ म्हणत राहतात. बेलचं बटण अडकून बसावं, तसं. शंभरातल्या साधारण १५ ते २० स्तन-कॅन्सरांत हे दिसतं.

‘म्हणजे हे प्रथिन वाईटच ना?’ असं तू विचारतेस. मला तसं म्हणवत नाही. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या एका प्रथिनाचंच बघ. १९८०च्या सुमारास ते सापडलं ते साध्या पेशींना कॅन्सरसारखं वाढायला लावणारं म्हणून. नावही तसंच पडलं. पुढे कळलं, की स्तनाच्या नलिकांचं अस्तर असलेल्या निरोगी पेशींची वाढ तेच रोखतं! गाठ पुढे सरकली की पेशी त्याचा हा लगाम जुमानत नाहीत. उलट त्याच्याच प्रभावाने शेजारणींची साथ सोडून हिंडू लागतात आणि प्रतिकारशक्तीही तिथे दबते. प्रथिन तेच, ऐकणारी पेशी बदललेली. मला तरी या विषयातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

हर-टूची गाठ जास्त आक्रमक असते, हे १९८७मध्ये अमेरिकेतले कॅन्सर-संशोधक स्लॅमन यांनी दाखवलं. पण १९९८मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. हे औषध थेट हर-टूलाच जाऊन चिकटतं. म्हणून ३+ म्हणजे नुसती वाईट बातमी नव्हे. औषधाला नेम धरायला जागा आहे. २+, म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही, असं असतं तर आधी जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करावी लागली असती.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचार: ईआर-पीआर (गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे ग्राहक आहेत का, ते) काय आलंय, आणि हृदयाची इको कधी करायची. या औषधाने हृदयाची ताकद कमी होऊ शकते, म्हणून ती आधी करतात आणि उपचार चालू असतानाही अधूनमधून करतात. रिपोर्टचा फोटो पाठव, सगळी पानं हं, नुसतं शेवटचं नको.

तुझी,
शैला