मदतीच्या यादीत कलावंतही हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्ध असो, दुष्काळ असो की साथ, पहिली कात्री गाण्या-नाटकांवर चालते. ‘अशा वेळी कसलं गाणं-बजावणं?’ हा प्रश्न विचारून माणसे मोकळी होतात. त्याला उत्तर आहे, आणि ते इतिहासात नोंदलेले आहे, म्हणून हे पत्र.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पुकारले गेले आणि लंडनमधली नाट्यगृहे, संगीत सभागृहे बंद झाली. नॅशनल गॅलरीतली चित्रे सुरक्षित जागी हलवली गेली. त्या ओक्याबोक्या दालनांत दुपारच्या सुट्टीच्या वेळी मैफली भरवाव्यात, अशी कल्पना पियानोवादक मायरा हेस यांनी मांडली. १० ऑक्टोबरला पहिली मैफल झाली. प्रवेश एका शिलिंगात. पुढे शहरावर बॉम्ब पडू लागले तेव्हा मैफल तळघरात गेली, पण बंद पडली नाही. १९४६ पर्यंत सोळाशेहून अधिक मैफली झाल्या. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की वाजवणाऱ्यांना मानधन मिळत होते. हातचे काम गेलेल्या वादकांची सोय झाली आणि भेदरलेल्या शहराला बसून ऐकायला एक जागा मिळाली. तेवढ्यानेही लोकांचे भागले नाही. १९४२ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आले, की धोका पत्करून निदान एखादे चित्र तरी आम्हाला पाहू द्या. मग दर महिन्याला एक चित्र लंडनला आणून मांडले जाऊ लागले. वृत्तपत्राला पत्र लिहिणाऱ्या माझ्यासारखीला ही हकीकत फार धीर देते.

त्याच वर्षी रशियातल्या लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडलेला होता. आदल्या हिवाळ्यात तिथे अनेकांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येत होता. अशा शहरात संगीतसंचालक कार्ल एलियासबर्ग यांनी रेडिओचा वाद्यवृंद पुन्हा उभा केला. पहिली तालीम तीन तासांची ठरली होती, ती १५ मिनिटांत आवरावी लागली. तुतारी फुंकायची तर छातीत दम हवा, आणि उपाशी माणसाकडे तो नव्हता. तेव्हा वादकांना जादा शिधा मंजूर झाला, कमी पडणारे वादक लष्करातून बोलावले गेले. ९ ऑगस्टला रशियन संगीतकार शोस्ताकोविच यांची सातवी सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना, वाजली आणि ध्वनिक्षेपकांवरून शहरभर ऐकवली गेली. पावाचा तुकडा तोलून देणाऱ्या प्रशासनानेही वादकाचे पोट भरणे गरजेचे मानले, यापेक्षा मोठा दाखला कोणता द्यावा?

कलेने प्राण वाचतात, असे मी म्हणणार नाही. नाझींच्या टेरेझिन इथल्या छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार मुलांना चित्रकला शिकवत. कागद मिळेल तो, अगदी वापरलेलासुद्धा. प्रत्येकाने चित्रावर स्वतःचे नाव घालावे, असा त्यांचा आग्रह असे. १९४४ मध्ये त्यांना ऑश्विट्झला नेऊन मारण्यात आले. त्यातली बहुतेक मुलेही वाचली नाहीत. दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे मात्र राहिली. माणसाचा नुसता क्रमांक करून टाकणाऱ्या ठिकाणी एक बाई मुलाला सांगत होती, की हे फूल तू काढलेस, खाली तुझे नाव लिही. त्या तासापुरते ते मूल कुणाचा बळी नव्हते. याला चैन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि आपण काय करतो? २०२० च्या टाळेबंदीत घरात कोंडलेल्या माणसांनी दिवस काढले ते गाणी ऐकून, नाटके-सिनेमे पाहून. त्याच महिन्यांत साथसंगत करणारे, नेपथ्य उभारणारे, प्रकाशयोजना सांभाळणारे घरी बसून होते. आजही मदतनिधीसाठी कार्यक्रम ठरतो तेव्हा सभागृहाचे भाडे चुकते होते, ध्वनियंत्रणेचे बिल भागवले जाते; गायकाला मात्र ‘चांगल्या कामासाठी आहे’ म्हणून फुकट बोलावले जाते. हे मला फार खुपते. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ पासून, सरकारने चित्रकार, वादक, नट, लेखक यांना रीतसर पगारावर कामे दिली होती. रस्ते बांधणाऱ्या मजुरांना काम देणाऱ्या योजनेतच त्यांचीही तरतूद होती.

आपल्या दैनिकाला विनंती आहे, की मदतछावणीत मुलांना चित्रे काढायला बसवणाऱ्यांची किंवा नाटक करून दाखवणाऱ्यांची बातमी मनोरंजनाच्या पानावर ढकलू नये. ती धान्य आणि औषधांच्या बातमीशेजारी द्यावी. आणि या लोकांचे मानधन कोण देते आहे, हे संबंधितांना विचारावे.

आपली,
एक वाचक