ग्रंथपाल सर, माझे पेपर मला परत मिळवून दिलेत म्हणून

आदरणीय सर,

तुमच्या निरोप समारंभात मला बोलायला उठवलं, तेव्हा जेमतेम दोन वाक्यं बोलून मी खाली बसले. जे राहिलं ते इथे, चारचौघांसमोर लिहिते.

पदोन्नतीची फाईल द्यायला चार दिवस उरले होते. एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन्स (म्हणजे इतर निबंधांत माझ्या निबंधांचे दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स एवढे तीन रकाने भरायचे राहिले होते. सायटेशनच्या डेटाबेसमध्ये स्वतःचं पान उघडलं आणि खूश झाले. एच-इंडेक्स 14! म्हणजे प्रत्येकी निदान 14 सायटेशन्स मिळालेले माझे 14 पेपर. ग्रंथालयाचा शिक्का हवा म्हणून तुमच्याकडे आले, तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, "मॅडम, तुम्ही सिमेंटवर कधी काम केलंत?"

मी डाळिंबाच्या पानांतून डीएनए काढणारी बाई. पण लग्नानंतर पाटील झाले, आणि माझ्याच आद्याक्षरांचे कोणी सिव्हिलवाले पाटील नऊ पेपर घेऊन माझ्या खात्यात येऊन बसले होते. खरं सांगते, क्षणभर वाटलं, राहू देत, कोण बघतंय? तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. कोरा कागद पुढे सरकवलात. "आधी यादी हाताने लिहा. आठवेल तेवढी."

त्या यादीने दुसरीच गोष्ट उघडी पाडली. पीएच.डी.च्या काळातले माझे सात पेपर माहेरच्या आडनावावर होते आणि डेटाबेसच्या लेखी ती कुणी वेगळीच मुलगी. तिचं पान पाहून कुणालाही वाटलं असतं, हिने लग्न केलं आणि संशोधन सोडलं.

मग तुम्ही दोन संध्याकाळी बसून एकेका पेपरचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, जुळवलात. मला ऑर्किड (ORCID) हा संशोधकाच्या ओळखीचा 16 अंकी क्रमांक काढायला लावलात. ही सोय 2012 पासून आहे, फुकट आहे, आणि आडनाव बदललं तरी तो क्रमांक बदलत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं! खाती जोडण्याचा अर्जही तुम्हीच भरलात. शेवटी एच-इंडेक्स आला 11.

माझा चेहरा पडला होता, त्यात आणखी भर पडली. सर्वाधिक सायटेशन्स मिळालेला पेपर निघाला चार पानी. पानांतली चिकट पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या लांब साखळ्या) काढून टाकून डीएनए स्वच्छ कसा मिळवायचा, एवढंच त्यात आहे. ज्या जनुकावर तीन वर्षं घालवली, त्या पेपरला सहा सायटेशन्स, त्यातली चार माझीच. तुम्ही चहा मागवलात आणि ऑलिव्हर लॉरींची गोष्ट सांगितलीत. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा 1951 चा पेपर, तीन लाखांहून जास्त सायटेशन्स. वॉटसन-क्रिकचा डीएनएची रचना सांगणारा 1953 चा डबल हेलिक्सचा पेपर त्याच्या कितीतरी मागे. लॉरींनी स्वतःच कबूल केलं होतं की हा काही थोर पेपर नव्हे. पद्धत वापरली की संदर्भ द्यावाच लागतो. डीएनएला दोन धागे असतात हे लिहिताना आता कोण वॉटसन-क्रिकचा संदर्भ देतं? लॉरीची पद्धत मी एमएस्सीपासून वापरते, पण त्या आकड्यांकडे असं कधी पाहिलंच नव्हतं.

तुमचा खरा राग मात्र वेगळाच होता. यूजीन गारफिल्ड यांनी 1964 साली सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे कोणत्या पेपरचा संदर्भ कुणी दिला याची सूची, काढला तो वाचकाला एका पेपरवरून पुढचा पेपर सापडावा म्हणून, म्हणजे ग्रंथपालाच्या कामाची वस्तू. "माणसं तोलायला आपण नंतर लागलो," असं म्हणून तुम्ही 2005 साली एच-इंडेक्स सुचवणाऱ्या हिर्श या भौतिकशास्त्रज्ञावरही जरा घसरलात. मला ते सगळंच पटलं असं नाही. आकडा नसता तर आमच्यासारख्यांच्या फाईली नुसत्या ओळखीवर अडल्या असत्या. पण फाईलला जोडली ती तुमच्यासमोर हाताने लिहिलेली यादी, स्वतःचीच सायटेशन्स वेगळी दाखवून.

आता प्रयोगशाळेत नवी मुलगी आली की पिपेट हातात देण्याआधी तिला ऑर्किड काढायला लावते. लग्नपत्रिका नंतर छापा म्हणते.

एक सांगायचं राहिलंच. त्या सिमेंटवाल्या पाटलांना तुम्ही कळवलं होतंत ना, की तुमचे नऊ पेपर आमच्याकडे आहेत? त्यांचं उत्तर मागच्या आठवड्यात आलं. त्यांच्या खात्यात माझा डाळिंबाचा एक पेपर होता.

तुमची,
डाळिंबवाली मॅडम