सुट्टीच्या तारखा आरक्षणाआधी कळाव्यात

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुंबईतील शाळांच्या सुट्ट्यांमध्ये मंडळागणिक वाढत चाललेला फरक आणि त्या सुट्ट्यांच्या तारखा पालकांना कळण्यास होणारा उशीर, या दोन गोष्टींकडे आपल्या दैनिकाच्या माध्यमातून शिक्षण विभागाचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. शिक्षकांची रिक्त पदे, शुल्कवाढ, बंद पडत चाललेल्या मराठी शाळा असे प्रश्न समोर असताना प्रवासाचे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु मुंबईतील असंख्य मराठी कुटुंबांसाठी हा निव्वळ सहलीचा प्रश्न नाही. गावी थकलेल्या आईवडिलांची भेट, वर्षभर बंद असलेल्या घराची साफसफाई आणि डागडुजी, कुळाचार, गणपती, आणि चुलत-मावस भावंडांनी चार दिवस एकत्र राहून एकमेकांना ओळखणे, हे सारे मुलांच्या सुट्टीवरच बेतलेले असते.

एका पिढीपूर्वी आमच्यासारख्या घरांतील बहुतेक मुले राज्य मंडळाच्या शाळांत जात आणि मे महिन्याची सुट्टी म्हटली की ती सर्वांची एकच असे. आता थोरला मुलगा राज्य मंडळाच्या अनुदानित शाळेत, धाकटी मुलगी सीबीएसईच्या शाळेत, मावसभाऊ आयसीएसईला आणि एखादा आतेभाऊ केंब्रिजच्या शाळेत, अशी स्थिती मध्यमवर्गीय घरांतही सर्रास दिसते. मुंबई महानगरपालिकेनेही २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगर येथे सीबीएसईची आणि माटुंग्याच्या वूलन मिल येथे आयसीएसईची शाळा सुरू केली, त्यामुळे हा फरक आता केवळ मोठे शुल्क भरणाऱ्यांपुरता उरलेला नाही.

प्रत्येक मंडळाचे वर्ष वेगळ्या ठिकाणी सुरू होते. सीबीएसईच्या शाळांत मार्चमध्ये परीक्षा आटोपते, एप्रिलमध्ये नवी इयत्ता सुरू होते आणि मग मे महिन्याची सुट्टी नव्या पुस्तकांच्या गृहपाठासह येते. राज्य मंडळाच्या शाळा एप्रिलअखेर वार्षिक परीक्षा संपवून जूनच्या मध्यावर उघडतात. ऑगस्टमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळांची मोठी सुट्टी जून-जुलैत येते. ती मुले मोकळी होतात तोवर इतरांची दप्तरे भरून झालेली असतात आणि कोकणात आंबे-फणस संपून मृगाचा पाऊस लागलेला असतो. नागपूर-अमरावतीकडे नातेवाईक असतील, तर उन्हामुळे तिकडच्या शाळा आपल्यापेक्षा उशिरा उघडतात, हेही गणितात धरावे लागते. (ज्यांच्या घरी दहावी-बारावीचे मूल आहे, त्यांनी तर सुट्टीचा विचारच सोडलेला असतो.)

या साऱ्यातूनही वाट काढता येईल, पण त्यासाठी तारखा वेळेत हाती असायला हव्यात. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. म्हणजे १ मे रोजी गावी निघायचे असेल, तर आरक्षण २ मार्चला सकाळी आठ वाजता सुरू होते, आणि कोकणकन्या किंवा तुतारीसारख्या गाड्यांच्या बाबतीत ते काही मिनिटांतच प्रतीक्षा यादीवर जाते. मुदत कमी झाल्याने पालकांची सोयच झाली असे वाटू शकेल, कारण चार महिने आधी अंदाज बांधण्याची गरज उरली नाही. परंतु दोन महिने आधीसुद्धा शाळेकडे विचारणा केल्यास ‘अजून परिपत्रक आलेले नाही’ हेच उत्तर मिळत असेल, तर या सोयीचा उपयोग काय? वडिलांची रजा, आईची रजा, गाडीचे तिकीट आणि शाळेची तारीख या चार गोष्टींपैकी पहिल्या तीन मागावून बदलता येत नाहीत, आणि नेमकी चौथीच सर्वांत उशिरा ठरते.

याचे ठळक उदाहरण २०२५ च्या एप्रिलमध्ये साऱ्या राज्याने पाहिले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचे राज्यभर एकच वेळापत्रक दिले आणि त्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. एप्रिल महिना वाया जाऊ नये, परीक्षेनंतर मुले नुसती घरी बसून राहू नयेत, हा त्यामागील हेतू मला पटतो. परंतु अनेक शाळांत त्यापूर्वी एप्रिलच्या मध्यापर्यंत परीक्षा आटोपत असत, आणि त्या हिशेबाने निघणाऱ्यांचे आरक्षण हे वेळापत्रक येण्याआधीच सुरू होऊन गेले होते. ज्यांनी तिकिटे काढली होती त्यांनी ती रद्द केली, नव्या तारखांना जागा उरल्या नव्हत्या, आणि शिक्षकांचीही स्थिती याहून वेगळी नव्हती. तेच वेळापत्रक जानेवारीत आले असते, तर कोणाचीही विशेष तक्रार राहिली नसती.

तिकीट रद्द केल्याचा भुर्दंड हा यातील लहान भाग आहे. खरी अडचण पुढे येते. तत्काळमध्ये चार-पाच जणांच्या कुटुंबाला एकत्र जागा मिळणे हे नशिबाचे काम, आणि ते न जमल्यास खासगी बसगाड्यांकडे वळण्यावाचून गत्यंतर नसते. खासगी बसचे भाडे एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक असू नये, असा शासनाचा २०१८ पासूनचा निर्णय आहे. मे महिन्यातील शनिवारी रात्री कणकवलीच्या गाडीचे भाडे विचारणाऱ्याला त्या निर्णयाचे काय झाले हे आपोआप कळते. रोह्यापासून पुढे ७४० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा सुमारे ४६ किलोमीटरांचा टप्पाच काय तो दुहेरी झाला आहे. उरलेल्या एकेरी मार्गावर जादा गाड्या सोडण्यालाही मर्यादा आहे, त्यामुळे आयत्या वेळी निघणाऱ्यांना रेल्वेने सामावून घ्यावे ही अपेक्षा धरता येत नाही.

मग पालक काय करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सत्राच्या शेवटच्या दिवसांत अचानक तापाच्या आणि पोटदुखीच्या चिठ्ठ्या वाढतात. मुख्याध्यापकांना कारण माहीत असते, वर्गशिक्षकांना माहीत असते आणि मुलालाही. शाळेला खोटे सांगण्याचा हा धडा आईवडिलांच्याच हस्ताक्षरात दिला जातो, आणि मला प्रवासाच्या गैरसोयीपेक्षाही हे अधिक खुपते.

सर्व शाळांना एकाच दिवशी सुट्टी द्या, अशी मागणी मात्र मी करीत नाही, आणि कोणी ती केल्यास तिला माझा विरोधच राहील. अख्खी मुंबई एकाच शुक्रवारी रात्री निघाली, तर मुंबई-गोवा महामार्गावर काय होईल याचा अनुभव आपण गणपतीत घेतोच. तारखांमधील फरक हा मुळात दोष नाही. जर्मनीतील सोळा राज्ये उन्हाळ्याच्या सुट्ट्या मुद्दाम पुढेमागे ठेवतात आणि त्या परस्पर विचाराने कित्येक वर्षे आधी ठरवतात. फ्रान्समध्ये हिवाळी आणि वसंत ऋतूतील सुट्ट्यांसाठी देशाचे तीन विभाग केले आहेत. नेदरलँड्समध्येही तसेच तीन विभाग आहेत. रस्त्यांवरील आणि पर्यटनस्थळांवरील गर्दी विभागली जावी, हा त्यामागील विचार. परंतु तिथे फरक प्रदेशाप्रमाणे होतो. एका गावातील भावंडांना सुट्टी एकाच वेळी मिळते. आपल्याकडे तो मंडळाप्रमाणे आणि व्यवस्थापनाप्रमाणे होतो, म्हणून विभागांची सीमारेषा एकाच घराच्या स्वयंपाकघरातून जाते. त्यात गर्दी विभागली जाण्याचा लाभही धड मिळत नाही, कारण सर्वांत उशिरा सुटणाऱ्या मुलासाठी सारे कुटुंब थांबते आणि शेवटी सर्वजण त्याच मोजक्या दिवसांवर तुटून पडतात.

नियमांकडे पाहिले तर वाव पुष्कळ आहे. माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षभरातील सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांपेक्षा अधिक होता कामा नयेत. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. या चौकटीत उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ती गणेशोत्सवात अथवा नाताळात घेण्याची मुभाही शाळांना आहे, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी पुरते. मुंबईसारख्या शहरात ही मुभा आवश्यकच आहे. वांद्र्यातील मिशनरी शाळेने नाताळला अधिक दिवस दिले आणि लालबागच्या शाळेने गणपतीत दिले, तर त्यात वावगे काही नाही. अडचण एवढीच, की हे समायोजन पुष्कळदा वर्षाच्या मधेच होते आणि पालकांना ते भ्रमणध्वनीवरील संदेशातून कळते. आमच्याच घरातील एका मुलीच्या शाळेने दिवाळीच्या सुट्टीतील दोन दिवस कमी केल्याचा संदेश भाऊबीजेच्या आदल्या रात्री पाठवला. तेव्हा घरातील सर्वजण रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि परतीचे तिकीट त्या दोन दिवसांनंतरचे होते. पावसाने बुडालेले दिवस भरून काढायचे आहेत, असे कारण दिले होते. कारण खरे असेलही, पण ऑगस्टमधील पावसाचा हिशेब लागायला दिवाळी उजाडावी लागते का?

वेगवेगळ्या मंडळांच्या शाळांना एकत्र आणणे अशक्य आहे, असे अधिकारी सांगतात. हे मला मान्य नाही. १९ ऑगस्ट २०२५ रोजी अतिवृष्टीमुळे महापालिकेने मुंबईतील शाळांना सुट्टी जाहीर केली, तेव्हा मंडळ कोणते हे कोणीही विचारले नाही. सीबीएसईचे मंडळ दिल्लीत असले, तरी दिवाळीची सुट्टी किती द्यायची हे मंडळ ठरवत नाही, शाळा ठरवते. आणि त्या शाळेच्या संलग्नतेच्या वेळी राज्य शासनाचे मत विचारले जाते. राज्याच्या विनंतीला तिथे वजन नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबईपुरते बोलायचे, तर महापालिकेचा शिक्षण विभाग आणि उत्तर, दक्षिण व पश्चिम विभागांचे शिक्षण निरीक्षक यांनी सर्व मंडळांच्या मुख्याध्यापकांची एक बैठक वर्ष सुरू होण्यापूर्वी घेतली, तरी पुष्कळ काम होईल.

त्या बैठकीकडून अपेक्षाही मोठी नाही. मे महिन्यातील किमान तीन आठवडे, वसुबारस ते भाऊबीज हे दिवस आणि गणेशोत्सवातील पहिले पाच दिवस कोणत्याही शाळेत वर्ग किंवा परीक्षा नसाव्यात. त्याच्या अलीकडे-पलीकडे ज्या शाळेला जसे सोयीचे असेल तसे तिने ठरवावे. ऑगस्टमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या शाळांना मे महिना जमणार नाही, हे उघड आहे. त्यांनी निदान दिवाळी आणि गणपती पाळावेत. वार्षिक आणि सत्र परीक्षांचा शेवटचा दिवसही सुट्टीइतकाच महत्त्वाचा धरून वर्षाच्या सुरुवातीला कळवावा, कारण पालक तिकीट काढतात ते त्या दिवसाकडे पाहून. एकदा छापलेली तारीख आपत्ती, निवडणूक किंवा तशाच अटळ कारणाखेरीज बदलू नये, आणि बदललीच तर आरक्षणाच्या ६० दिवसांचे भान ठेवून बदलावी. यासाठी निधी लागत नाही, कायदाही बदलावा लागत नाही.

यंदा (२०२६ मध्ये) गणेशचतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. दोन दिवस आधी, म्हणजे शनिवारी, गावी निघणाऱ्यांसाठी रेल्वेचे आरक्षण १४ जुलैला सकाळी सुरू होईल, आणि तोपर्यंत राज्य मंडळाच्या शाळा उघडून महिना होत आलेला असेल. गणेशोत्सवात किती दिवस सुट्टी राहणार आणि पहिल्या सत्राची चाचणी त्याआधी होणार की नंतर, एवढे दोन तपशील मुंबईतील प्रत्येक शाळेने १० जुलैपूर्वी पालकांना लेखी कळवावेत, असे परिपत्रक शिक्षण विभागाने जूनमध्येच काढावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक पालक
भांडुप (पूर्व), मुंबई